मायला पाठ झालेलं वाक्य

माझी माय टाळ्या वाजवत होती.

मंगल कार्यालयात मागच्या रांगा अर्ध्या रिकाम्या होत्या, तरी ती बसली नव्हती. भिंतीला पाठ लावून उभी होती. लग्नाकार्याला नेसायची ती जांभळी साडी, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकची चप्पल. मी स्टेजवर माईकसमोर उभी होते आणि इंग्रजीत भाषण करत होते. वाक्य संपलं की पुढच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवायचे. त्यांचं पाहून मायही वाजवायची. त्यांच्यापेक्षा जोरात आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेळ.

मी काय बोलत होते ते सांगते.

"नेव्हर हॅड अ बुक एंटर्ड अवर हट." आमच्या झोपडीत कधी पुस्तक शिरलं नव्हतं.

"सेल्डम डू पीपल लाइक अस ड्रीम." आमच्यासारखी माणसं स्वप्नं क्वचितच पाहतात.

आणि शेवटचं. "लिटल डझ माय मदर अंडरस्टँड व्हॉट सर हॅज डन फॉर अस." सरांनी आमच्यासाठी काय केलं, ते माझ्या आईला काही म्हणजे काही समजत नाही.

या शेवटच्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुण्यांनी मान डोलावली. सर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि माईकमधून मागे हाक मारली, "ये गं, पुढे ये. लाजू नको." माय पुढे आली. सर तिला म्हणाले, "तुझ्या पोरीनं तुझी किती तारीफ केली, माहीत आहे का?"

मायनं हात जोडले. म्हणाली, "तुमचीच कृपा हाय सर."

त्या सभागृहात आलेल्या प्रत्येक आईबापाला सर 'आपण' म्हणत होते. माझ्या मायला 'ये गं'. ती पन्नाशीकडे झुकलेली बाई. सर तिच्याहून लहान असतील, मोठे तर नक्कीच नव्हते. हे मला त्या क्षणी दिसलं आणि मी गप्प राहिले. माझ्या हातात त्यांनी दिलेली ट्रॉफी होती.

आता हे सर कोण, ते सांगायला हवं. यवतमाळकडच्या नेरमध्ये त्यांचा इंग्रजीचा क्लास होता. कॉलेजात अकरावी-बारावीला तेच शिकवायचे आणि संध्याकाळी स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर क्लास घ्यायचे. गावाबाहेर रस्त्याला लागून त्यांचं शेत होतं, कापूस आणि तूर. गावात मान होता. रस्त्यानं निघाले की लोक दुकानातून उठून नमस्कार घालत. इंग्रजी उत्तम होतं त्यांचं. ते मी नाकारत नाही. मला खोटं बोलायची गरज नाही, त्यांना होती.

माझी माय त्यांच्याकडे कामाला होती. रोज सकाळी क्लासची खोली झाडायची, जिना पुसायची, अंगण झाडायची, पोरांसाठी असलेला संडास धुवायची. हंगामात त्यांच्याच शेतात कापूस वेचायला जायची. वेचणीची मजुरी मिळायची. झाडण्या-धुण्याची नाही. त्याच्या बदल्यात मला क्लासला बसू देत होते. आणि सर गावभर सांगत, या पोरीला मी फुकट शिकवतो. फुकट. हा शब्द त्यांनी माझ्यासमोर इतक्या जणांना सांगितला की मलाही काही दिवस ते खरंच फुकट वाटायला लागलं होतं. सकाळी माय वाकून जिना पुसायची आणि संध्याकाळी त्याच जिन्यावरून मी वर जायची. तरी वाटायचं.

सरांची शिकवण्याची एक पद्धत होती. नियम एकदाच सांगायचे. मग समोर बसलेल्या पोरांवरच वाक्यं तयार करायचे. ज्याच्यावर वाक्य त्यानं उभं राहायचं, सगळ्या वर्गानं ते वाक्य एका सुरात म्हणायचं, आणि मग उभं असलेल्यानं एकट्यानं म्हणायचं. याला ते 'जिवंत उदाहरण' म्हणत. पोरांना मजा यायची. डॉक्टरांची मुलगी होती, तिच्यावर वाक्य आलं की आपण असं अक्षर क्वचितच पाहिलंय. कापडदुकानदाराच्या मुलावर आलं की इतका खोडकर मुलगा आपण कुठेच पाहिला नाही. सगळे हसायचे, तोही हसायचा.

बारावीला तो धडा आला. इंग्रजीत 'कधीच नाही', 'क्वचित', 'कुठेच नाही', असा नकाराचा शब्द वाक्याच्या तोंडाशी आणला की मदतीचं क्रियापद पुढे येतं आणि कर्ता त्याच्या मागे जातो. परीक्षेत हमखास विचारतात. सर म्हणाले, "सरळ वाक्य कोणीही बोलतं. असं फिरवून बोललं की वजन येतं." मला तो नियम फार आवडला. एका झटक्यात समजला. वहीत मी माझी माझीच वाक्यं करत बसले होते, पावसावर, बसवर, आमच्या शेळीवर.

आणि सर म्हणाले, "तू ऊठ."

मी उठले. "नॉट ओन्ली डझ शी स्वीप, बट शी ऑल्सो स्टडीज." ही नुसती झाडत नाही, शिकतेसुद्धा.

सगळ्या वर्गानं ते म्हटलं. एका सुरात. एवढ्या पोरांचा आवाज एका छोट्या खोलीत, आणि त्या आवाजात मी झाडत होते. मग मी एकटीनं म्हटलं. वाक्यात 'डझ शी'च्या जागी 'डू आय' घालायचं होतं. मी घातलं. सर म्हणाले, "परफेक्ट." झाडू माझी माय मारायची, मी नाही. पण त्यांच्या लेखी ती आणि मी एकच. बाजूच्या पोरीनं वहीत तोंड घातलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

पुढे एका शिकल्यासवरल्या माणसाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, वा, कर्ता मागे ढकलला जातो, केवढं मोठं प्रतीक आहे हे. मला त्याचाही राग आला. प्रतीकबितीक काही नाही. ते व्याकरण आहे. त्या नियमानं माझं काही वाकडं केलेलं नाही. जे केलं ते एका माणसानं केलं, खडू हातात घेऊन, हसत हसत.

क्लासच्या गॅदरिंगमधलं ते भाषण सरांनीच लिहिलं होतं. त्या धड्याची सगळी वाक्यं त्यात बसवली. म्हणाले, हे गरीब पोरीच्या तोंडून आलं की पाहुण्यांवर छाप पडेल. मी वाचलं. म्हटलं, "सर, आमच्या घरी पुस्तकं आहेत."

"भाषण आहे गं," सर म्हणाले. "भाषणात सगळं खरं नसतं."

आमच्या घरी पुस्तकं होती. आमचं घर झोपडी नव्हतं, विटांचं होतं, वर टिनं. आत माझ्या आज्याची लोखंडी पेटी होती, पुस्तकांनी भरलेली. आजा धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या पोरांपैकी, शाळेत गेलेला. दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये काम करायचा आणि संध्याकाळी विहारात कंदील लावून लोकांना पुस्तकं वाचून दाखवायचा. मी त्याच्या मांडीवर बसून अक्षरं शिकले. माय लग्न होऊन आली तेव्हा तिला सही येत नव्हती. आज्यानं सुनेला चुलीजवळ बसवून सही शिकवली. तेव्हा त्या पेटीवर आमची अंथरुणं ठेवलेली असायची, पण आत पुस्तकं होती. आणि मी स्टेजवर उभी राहून सांगितलं की आमच्या घरात कधी पुस्तकच शिरलं नव्हतं. आजा तेव्हा जिवंत नव्हता, एवढंच बरं.

भाषण पाठ करायला मी घरभर फिरत मोठ्यानं म्हणायची. घर केवढंसं. माय चुलीपुढे भाकरी थापायची आणि ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "मदर म्हंजे मीच ना?"

"हो."

"मंग मदरबद्दल काय म्हणते?"

मी म्हटलं, "भाषण झाल्यावर सांगतो." त्यानंतर सरांनीच स्टेजवरून तिला अर्थ सांगून टाकला, तारीफ म्हणून. मग तिनं मला पुन्हा विचारलं नाही. कायले विचारल? सरांनी सांगितलं होतं.

मला माहीत नव्हतं की ऐकून ऐकून ते शेवटचं वाक्य तिला पाठ झालंय. अर्थ नाही, आवाज. अख्खं वाक्य, सुरासकट. जिथं मी थांबायची तिथं ती थांबायची. पोरगी भर सभेत आपल्याबद्दल इंग्रजीत चांगलं बोलली, तर तेवढं तरी आपल्या तोंडी असावं, असं तिला वाटलं. दुसरं काय असणार.

गॅदरिंगनंतर थोड्याच दिवसांत ती सरांच्या शेतात वेचणीला गेली. बाकीच्या बायांनी विचारलं, पोरगी काय बोलली वं स्टेजवर? मायनं म्हणून दाखवलं. बायांना कौतुक वाटलं. तेवढ्यात सरांची बायको शेतात आली होती, कापसाचं वजन पाहायला. शिकलेली बाई, इंग्रजी समजणारी. तिनं ऐकलं. आधी तिला कळलंच नसेल आपण काय ऐकतोय ते. मग कळलं.

तिनं मोबाइल काढला.

तो व्हिडिओ मी दुसऱ्या दिवशी क्लासला जायच्या आधी पाहिला, डॉक्टरांच्या मुलीच्या फोनवर. माय तुरीच्या तुऱ्हाट्यांच्या कडेला उभी आहे. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, पोट आल्यासारखी फुगलेली. डोक्याला फडकं. उन्हानं डोळे बारीक केलेत. आणि हसते आहे. असं हसणं मी तिच्या तोंडावर फार थोड्या वेळा पाहिलं. ती म्हणते, "लिटल डझ माय मदर अंडरस्टँड व्हॉट सर हॅज डन फॉर अस." एकही चूक नाही. फोनमागून सरांच्या बायकोचा आवाज येतो, "पुन्हा म्हण ना एकदा." त्या आवाजात हसू दाबलेलं आहे. माय पुन्हा म्हणते. या वेळी जरा ताठ उभी राहून.

सरांनी तो गावच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं होतं, आमच्या क्लासची कमाल पाहा, आता कापूस वेचणारीसुद्धा इंग्रजी बोलते. त्याखाली हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली होती. ज्यांच्या घरचा कापूस तिनं वेचला होता त्यांचीही तोंडं त्यात होती.

डॉक्टरांची मुलगी म्हणाली, "तुझी आई किती क्यूट आहे गं."

तिला वाईट बोलायचं नव्हतं. पण माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी त्या दिवशी जिना चढले नाही. खालच्या पायरीवरूनच परत फिरले.

घरी माय दारात बसून हाताला गेलेले बोंडांचे काटे काढत होती. मला पाहून म्हणाली, "आज कलास नाही काय? अवं, सरच्या बाईनं माहा बोलता फोटो काढला काल. म्हणे लय छान बोलते तू."

मी तिच्यासमोर बसले. एकेक शब्द सोडवून सांगितला. शेवटच्या वाक्याचा, मग आधीच्या वाक्यांचाही. तिचे हात थांबले.

तिनं विचारलं, "अन् थे पुस्तकाचं बी तू बोलली? आज्याची पेटी घरात असून?"

"हो माय."

मला वाटलं रडेल, मला मारेल, काहीतरी करेल. ती उठून आत गेली, पेटीवरची अंथरुणं खाली काढून ठेवली, पेटीवरून पदर फिरवला आणि परत येऊन बसली.

म्हणाली, "अन् मी टाळ्या वाजोल्या."

एवढंच. हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही, आणि विसरायचं ठरवलं तरी ते होणार नाही. त्या दिवसापर्यंत मला सरांची भीती वाटत होती, थोडं प्रेमही वाटत होतं, कारण शिकवत चांगलं होते. त्या संध्याकाळी माझ्या पोटात ते दोन्ही सुकलं. मला नुसता राग नव्हता आला. मला लाज वाटली होती, आणि ती लाज आपली नाही, दुसऱ्या कोणाची तरी आपण अंगावर घेऊन फिरतोय, हे मला पहिल्यांदा कळलं.

मग माय म्हणाली, "मले समजत नाही म्हणते तो? त्याच्या घरचं शेण-पाणी, संडास सर्व करतो मी. कोण कोणाशी बोलत नाही, कोण कोणाचं खाते, मले सर्व समजते. फुकट शिकवते म्हणते. मी बोलत नाही म्हणून मले समजत नाही काय?"

दुसऱ्या दिवशी ती झाडायला गेली नाही.

सरांनी मला क्लासमध्ये बोलावून घेतलं. आई आजारी आहे का, म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. ते खुशीत होते. रविवारी पालक सभा होती, पुढच्या वर्षीच्या पोरांचे आईबाप येणार होते. व्हिडिओ लोकांना आवडला होता. सर म्हणाले, "तू भाषण कर, आणि शेवटचं वाक्य आईला म्हणू दे. तुम्ही दोघी मायलेकी स्टेजवर. लोकांना दिसू दे आपण काय करतो ते."

मी जायला वळले. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तोंडी परीक्षा जवळ आलीय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. बारावीच्या इंग्रजीचे तोंडीचे गुण कॉलेजात तेच देणार होते. मला नर्सिंगला जायचं होतं. सरकारी जागेला नंबर लागला तरच जाता येणार होतं, आणि नंबर थोड्याशा गुणांनी इकडचा तिकडे होतो. हे त्यांना माहीत होतं. मीच त्यांना सांगितलं होतं, मोठ्या विश्वासानं.

घरी येऊन मायला सांगितलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "जाऊ."

"काहून?"

"त्यानं बलावलं ना? मंग जाऊ."

रविवारी तेच मंगल कार्यालय. तीच जांभळी साडी. पण या वेळी माय भिंतीला उभी राहिली नाही. सरळ पुढे गेली आणि दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसली. सरांच्या बायकोनं मागे वळून पाहिलं, हातानं मागे जायची खूण केली. माय तिच्याकडे पाहत बसून राहिली. सरांच्या बायकोनंच शेवटी मान फिरवली.

माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर गेले. समोर कोण होते? शेतकरी होते, दुकानदार होते, एसटीचे कंडक्टर, किराणावाले. बऱ्याच जणांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणूनच तर पोरांना क्लासला घालायला आले होते. मागच्या वेळीही अशांनीच टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्यांनाही काय ऐकलं ते कळलं नव्हतं. हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या सगळ्यांना शत्रू समजत होते.

मी पहिलं वाक्य इंग्रजीत म्हटलं. टाळ्या पडायला लागल्या. मी हात वर केला. म्हटलं, "थांबा. याचा अर्थ असा की आमच्या घरात कधी पुस्तक शिरलं नव्हतं." आणि थांबले. टाळ्या विरल्या.

दुसरं म्हटलं. अर्थ सांगितला. आमच्यासारखी माणसं स्वप्नं क्वचितच पाहतात. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. सर बाजूच्या खुर्चीवरून हसत म्हणाले, "अर्थ नको सांगू, वेळ कमी आहे. पुढे बोल."

मी पुढे बोलले. तिसरं वाक्य इंग्रजीत म्हटलं आणि मग सावकाश, शाळेत धडा वाचतात तसं मराठीत सांगितलं. "सरांनी आमच्यासाठी काय केलं, ते माझ्या आईला काही समजत नाही. ती इथे बसली आहे. हेच वाक्य तिला शेतात म्हणायला लावून त्याचा व्हिडिओ काढला. तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हे भाषण सरांनी लिहिलं आहे. आता अर्थ समजला. आता टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवा."

कोणी वाजवल्या नाहीत. इंग्रजीत जे ऐकून माणसं खूश होत होती, तेच मराठीत ऐकताना खाली बघत होती. वाक्यं तीच होती, एक अक्षर मी पदरचं घातलं नव्हतं.

सर उठले. माईक माझ्यासमोरून ओढून घेतला. म्हणाले, "बघा मंडळी, उपकाराची फेड ही अशी असते."

तेवढ्यात माय उभी राहिली. स्टेजवर आली नाही. जागेवरूनच बोलली, माईकशिवाय. "मले समजते सर. तुमी काय केलं थे मले सर्व समजते." आणि चालायला लागली. मी स्टेजवरून उतरून तिच्यामागे गेले. दारात एक माणूस दुसऱ्याला म्हणत होता, "पोरगी लयच उद्धट हाय बुवा." तो आमच्याच वस्तीच्या पलीकडचा, हमाली करणारा माणूस होता. तेही सांगितलंच पाहिजे. सगळे काही आमच्या बाजूनं उभे राहिले नाहीत. एकही राहिला नाही.

माझा क्लास बंद झाला. तोंडी परीक्षेत सरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. नाव विचारलं, बसायला सांगितलं, थोड्या वेळानं जा म्हणाले. पास होण्यापुरते गुण टाकले. नर्सिंगला नंबर लागला नाही. ज्यांना शेवट गोड लागतो त्यांनी हे नीट ऐकावं, लागला नाही. थोडक्यात हुकला, आणि ते थोडकं कोणाच्या खिशात होतं ते मला माहीत आहे. मी तिथंच बी.ए. केलं. इंग्रजी घेऊन.

आता मी आमच्या विहारात संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना इंग्रजी शिकवते. सरांच्या क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो कितीतरी दिवस होता, आमची गुणवंत विद्यार्थिनी म्हणून. बसस्टँडजवळ, ऊन खाऊन पांढरा पडला तरी काढला नाही. मागे तिथंच सर भेटले. केस पिकलेत. म्हणाले, "शिकवतेस असं ऐकलं. शेवटी आमच्याच हाताखालची. अजून राग गेला नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

यवतमाळची बस लागली. मी चढले.

दर वर्षी तो धडा येतो, आता दहावीलाच. मी शिकवते, नीट शिकवते, परीक्षेत एकाचाही गुण जात नाही. पोरांना माणसांवर वाक्यं करायला सांगते, तीच पद्धत, चांगली आहे म्हणून घेतली. पण माझ्या वर्गात एक रीत आहे. ज्याच्यावर वाक्य केलं, त्याला आधी ते आपल्या बोलीत, त्याच्या तोंडावर सांगायचं. आईवर केलं तर घरी जाऊन आईला. बापावर केलं तर बापाला. जे सांगताना जीभ अडखळेल ते वाक्य फळ्यावर लिहायचं नाही, कितीही वजनदार असो. पोरं पहिल्यांदा कुरकुरतात. मग त्यांची अर्धी वाक्यं खोडली जातात.

माय कधी कधी वर्गात येऊन बसते. खुर्चीवर. आज्याची पेटी आता विहारात आहे, किल्ली मायकडे असते. पण इंग्रजीचा एक शब्द ती तोंडातून काढत नाही. मोबाइलला मोबाइल म्हणते तेवढंच. मी कितीदा म्हटलं, शिकवतो माय, अर्थासकट शिकवतो. ती मान हलवते. एकही चूक न करता जिनं ते अख्खं वाक्य म्हटलं होतं, ती बाई आता पोरांच्या पुस्तकातली एबीसीडीसुद्धा म्हणत नाही. ओठ मिटून ऐकते.

सर, तुम्ही माझे गुण कापलेत, ते राहू द्या. माझ्या मायच्या तोंडचा उत्साह तुम्ही कापलात, त्याची भरपाई तुमच्याकडे नाही आणि मी मागायलाही येणार नाही. माफीही मी देणार नाही. माझ्या वर्गातली ही पोरं पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजात येतील, तुमच्याच बाकांवर बसतील. तुम्ही उदाहरण दिलंत की ती उभी राहतील आणि विचारतील, याचा मराठीत अर्थ काय? मोठ्यानं विचारतील, सगळ्या वर्गासमोर. आणि तुम्ही सांगेपर्यंत खाली बसणार नाहीत.

मी त्यांना दुसरं काही शिकवलं नसलं तरी एवढं शिकवलं आहे. तयार राहा.